खाली बघणाऱ्या मालूताई

भूकंपानंतर बरेच दिवस तोक्योजवळच्या ग्योतोकूमध्ये सगळेच खाली बघून चालायचे. समुद्रालगतचा भराव घातलेला भाग. त्या दिवशी जमीन अशी घुसळली की काही ठिकाणी खालची वाळू पाण्यासकट वर आली, फुटपाथांना फुगवटे आले आणि विजेचे खांब तिरके झाले. खाली बघितलं नाही तर ठेच ठरलेली. पुढे फुटपाथ दुरुस्त झाले, खांब सरळ झाले, माणसंही मान वर करून चालू लागली. मालूताई घोरपडे तेवढ्या खालीच बघत राहिल्या.

त्यांच्या या सवयीचा फायदा स्टेशनजवळच्या कोबानला, म्हणजे पोलीसचौकीला, फार झाला. खाली बघून चालणाऱ्या माणसाला रस्त्यावर काय काय सापडतं याची आपल्याला कल्पना नसते. एका हाताचा मोजा, लहान मुलाचा बूट, रेल्वेचा पास, कानातलं. जे दिसेल ते उचलून मालूताई चौकीत नेऊन द्यायच्या. त्या दिसल्या की चौकीतला पोलीस आधीच उठून उभा राहायचा. एकदा त्यांना चक्क कवळी सापडली. कुठे सापडली, कशी पडली होती, वरची की खालची, हे त्यांनी पोलिसाला अशा आवाजात सांगितलं की कवळीचा मालक आसपास असता तरी लाजून पुढे आला नसता.

आवाज हे मालूताईंचं दुसरं लक्षण. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. वडील कुस्तीची मैदानं भरवायचे, आणि लाउडस्पीकर बंद पडला की शाळकरी मालूला स्टुलावर उभी करून पुढच्या जोडीचं नाव पुकारायला लावायचे, असं त्या स्वतःच सांगायच्या. ऐकणाऱ्याला शंका यायची नाही. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशा त्या ‘मी आलो, मी खाल्लो’ असं बोलायच्या. बँकेच्या पोस्टिंगवर मुंबईहून तिकडे गेलेल्या आम्हा मंडळींना सुरुवातीला ते ऐकून हसू यायचं. नंतर आमच्यातल्याच दोघी-तिघी तसं बोलायला लागल्या.

आणि एवढा आवाज घेऊन देवानं या बाईला काम काय दिलं, तर जंगलात गप्प बसण्याचं.

मालूताई पक्ष्यांच्या शास्त्रज्ञ. तोक्योच्या एका संस्थेत त्यांचं संशोधन चालायचं, आणि वर्षातले कितीतरी महिने त्या ओगासावारा बेटांवर असायच्या. तोक्योच्या धक्क्यावरून जहाजात बसलं की दुसऱ्या दिवशी पोचायचं, दुसरा रस्ता नाही. त्या बेटांवर एक कबूतर आहे. ते जगात दुसरीकडे कुठेच नाही आणि तिथेही अगदी मोजकंच उरलेलं. अंगानं काळं, डोकं पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं, मानेवर हिरवट-जांभळी झाक आणि पाय लाल. त्याला पंख आहेत, उडताही येतं, पण त्याचा सगळा संसार जमिनीवर. पाचोळ्यात चालत चालत पडलेल्या बिया टिपणार, झाडाच्या मुळाशी काटक्या जमवणार आणि त्यात एकच अंडं घालणार. जपानी भाषेत त्याचं नाव लांबलचक. मालूताई त्याला सरळ ‘आमचा होला’ म्हणायच्या. होला म्हणजे आपल्याकडचं रानातलं छोटं कबूतर; तो वेगळा, हा वेगळा, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, पण माया करायला शास्त्रीय नाव कशाला, असा त्यांचा सवाल.

आमची ओळखसुद्धा कबुतरांमुळेच झाली. आमच्या गॅलरीत एसीच्या पेटीवर पारव्यांनी मुक्काम ठोकला होता, आणि माझी बायको नीलिमा ताटली बडवून त्यांना हाकलत होती. इतक्यात वरच्या मजल्यावरून मराठीत गर्जना झाली.

“अगं ए, कुणाला हाकलालीस?”

जपानमध्ये डोक्यावरून अचानक अस्सल कोल्हापुरी ऐकू आल्यावर नीलिमाच्या हातातली ताटली खाली पडली. पाच मिनिटांत बाई खाली हजर. गॅलरीत आल्या, वाकून पारव्यांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. “हे होय! पारवं. ह्यांना काय धाड भरलीय? हाकल, हाकल,” असं म्हणून त्यांनी स्वतःच ताटली हातात घेतली.

पारवे आणि त्यांचा होला, त्यांच्या मते, एकाच घरातले दोन भाऊ. एक शहरात येऊन बिल्डर झाला, जगभर इमारती बळकावून बसला. दुसरा गावातच राहिला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माणसाची ओळख असते ती पहिल्याशी, आणि राग निघतो तो दुसऱ्यावर.

रविवारी त्या तांबडा-पांढरा रस्सा करायच्या. आमच्या गणपतीच्या मंडळातल्या एका पुणेकर प्राध्यापकांनी एकदा वाटी हातात घेऊनच त्यांना विचारलं, की पक्षी वाचवायचं काम करता आणि कोंबडी कशी खाता. मालूताई म्हणाल्या, “कोंबड्या संपायला आल्या की कळवा, त्या दिवशी सोडतो.” प्राध्यापकांनी मुकाट्यानं दुसऱ्यांदा रस्सा घेतला.

एका मे महिन्यातल्या मोठ्या सुट्टीत त्यांनी आम्हाला बेटावर बोलावलं. जहाजात नीलिमा आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी बेट दिसलं तेव्हाच उठली. धक्क्यावर मालूताई उभ्या होत्या. कपडे मळके, टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि आवाज गायब. त्या कुजबुजत होत्या. धक्क्यावर होला कुठला असणार, पण बेटावर पाऊल टाकलं की त्यांचा गळा आपोआप मिटायचा. माझी मुलगी ईरा तेव्हा आठ वर्षांची. तिनं मला जपानीत विचारलं, की काकूंना बरं नाही का.

दुसऱ्या दिवशी आम्ही जंगलाच्या तोंडाशी पोचलो. तिथे आत जाण्याआधी बूट ब्रशनं घासायचे, त्यांच्या तळांवर पाणी मारायचं, कपड्यांना चिकटलेल्या बिया एकेक काढायच्या, अशी पद्धत आहे. बाहेरची एखादी बी आत पडली, रुजली, तर सगळं बिघडतं. देवळात जाताना पाय धुवावेत तसं आम्ही ते मनोभावे केलं. जपानी कुटुंबं होती, त्यांचंही झालं. मालूताई रांगेतल्या प्रत्येकाकडे नजर टाकत पुढे सरकत होत्या. माझ्यापाशी थांबल्या. शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, “पाटणकर, हे काय?”

खिशात बडीशेप होती. जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकायची माझ्या वडिलांची सवय, तीच माझी. मुंबईहून आणलेली, छोट्या डबीत, आणि डबीचं झाकण सैल. खिशाच्या शिवणीत, पँटच्या दुमडीत, बॅगेच्या चेनमध्ये, जिथे हात घालावा तिथे बडीशेप निघाली. मालूताईंनी मला बाजूला उभं केलं आणि माझे सगळे खिसे उलटे केले. रांगेतल्या जपानी लोकांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. शेवटी हवेत उडू नये म्हणून पिशवीत बंद केलेली बडीशेप त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतली. “भाजलेली आहे हो, रुजणार नाही,” मी म्हणालो. त्या म्हणाल्या की जगातला प्रत्येक घोळ असंच कुणीतरी म्हणाल्यावर झालाय.

आत गेल्यावर आम्ही एका ओंडक्यावर बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग पाचोळा वाजला. झाडाच्या मागून एक काळं कबूतर चालत आलं. घाई नाही, भीती नाही. मागे हात बांधून एखादी वयस्कर बाई अंगणात फेऱ्या मारते तसं. मालूताईंनी ईराच्या कानात सांगितलं, की ही अक्का. त्या पक्ष्यांच्या पायात रंगीत कड्या असतात, त्यावरून ओळखायचं. कोल्हापूरची त्यांची अक्काआत्या अशीच चालायची म्हणून हिचं नाव अक्का. दर वर्षी त्याच झाडाच्या मुळाशी घर करते. मागच्या वेळचं पिल्लू मोठं झालंय, त्याच्या पायात हिरवं कडं.

अक्का चालत चालत थेट ईराच्या बुटापाशी आली, बुटाजवळची बी टिपली, मान वाकडी करून ईराकडे बघितलं आणि पुढे गेली. ती झाडामागे जाईपर्यंत ईरानं पाय हलवला नाही. मीही नाही.

परतताना मालूताई म्हणाल्या, “कळलं का दुखणं काय आहे ते? ह्याला भ्यायचं शिकवलंच नाही कुणी.”

आम्ही निघालो त्या दिवशी मात्र बेटावरचा त्यांचा मौनव्रताचा नियम मोडला. जहाज सुटलं की बेटावरचे लोक छोट्या होड्या घेऊन बरोबर येतात, ‘जाऊन या’ म्हणून ओरडतात. त्या सगळ्या कल्लोळात धक्क्यावरून एकच आवाज स्पष्ट ऐकू येत होता. कुस्तीच्या मैदानातला.

त्या होल्याचं दुखणं म्हणजे मांजर. माणसांनी बेटावर मांजरं आणली, काही सुटली, रानात गेली. जमिनीवर चालणारा, न भिणारा पक्षी म्हणजे मांजराला वाढून ठेवलेलं ताट. पण त्या मांजरांना मारायचं नाही असं बेटावरच्या लोकांनी आणि तोक्योतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं होतं. पिंजऱ्यात सापडलेलं मांजर जहाजानं तोक्योला यायचं, कुठल्यातरी दवाखान्यात हळूहळू माणसाळायचं आणि मग एखाद्या घरात राहायला जायचं. यात मेख एकच. दवाखान्यातला पिंजरा रिकामा झाला तरच पुढच्या मांजराला जागा. शहरात कुणी मांजर घरी नेलं नाही तर बेटावर सापळा लावून उपयोग नाही.

म्हणून मालूताई ग्योतोकूत असल्या की मांजरांसाठी स्थळं शोधत हिंडायच्या. एखाद्या लग्न जमवणाऱ्या मावशीसारख्या. फोनवर फोटो दाखवायच्या. हा स्वभावानं शांत, खाण्यापिण्याची तक्रार नाही. ही जरा लाजरी, पण घरात रुळेल. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना त्यांनी पटवलं, समोरच्या इमारतीतल्या तमिळ कुटुंबाला पटवलं. आम्ही मराठी मंडळी मात्र पक्की. आमचं पोस्टिंग आहे, बिल्डिंगमध्ये चालत नाही, सासूबाई सोवळ्याच्या आहेत. मालूताई ऐकून घ्यायच्या आणि निघताना म्हणायच्या की बरं, पत्रिका जुळली नाही असं समजतो.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्या बेटावरून वेळेआधीच परत आल्या. नेहमी असं व्हायचं की पहिले दोन दिवस त्या कुजबुजत बोलायच्या आणि तिसऱ्या दिवशी आवाज मूळपदावर यायचा. या वेळी आठवडा झाला, दोन झाले, तरी त्या कुजबुजतच होत्या. रस्स्याचा वास येईना. नीलिमा घाबरली, मला म्हणाली की त्यांना घशाच्या डॉक्टरकडे न्या.

मग एक दिवस त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून फोनवरचा एक फोटो दाखवला. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यानं आपोआप काढलेला. फाटक्या कानाचा एक दांडगा बोका, तोंडात काळं काहीतरी. खाली लोंबणारा लाल पाय आणि त्यातलं कडं. नीलिमानं फोन उलटा ठेवला. ईरा शाळेत होती हे बरं झालं.

तो बोका दोन दिवसांत पिंजऱ्यात सापडला आणि तोक्योच्या एदोगावा भागातल्या एका दवाखान्यात येऊन पडला. तिथल्या डॉक्टरबाई मोरि-सान, बारीक चणीच्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनीच मालूताईंना फोन केला. बोका कुणालाच जवळ येऊ देत नव्हता. घर बघायला आलेली दोन कुटुंबं लांबूनच परत गेली होती. सगळे पिंजरे भरलेले, आणि बेटावर अक्काच्याच झाडाजवळ दुसरं मांजर दिसलं होतं. घरटी करायचे दिवस तोंडावर आले होते. एक तरी जागा झाली पाहिजे होती.

शनिवारी मालूताईंनी मला सोबत चला म्हटलं. काही उचलायचं असेल असं मला वाटलं. दवाखान्यात त्या बोक्याच्या पिंजऱ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. जंगलात बसायच्या तशा, हलल्या नाहीत. बोका कोपऱ्यात अंग चोरून, कान मागे. मग मालूताई अगदी खालच्या आवाजात मराठीत त्याला म्हणाल्या, “तू माझी अक्का खाल्लीस.”

बोका फिस्कारला. मोरि-साननी मला हळूच विचारलं, की काय म्हणाल्या त्या. मी सांगितलं की ओळख करून देतायत.

मालूताई उठल्या, गुडघे झाडले आणि जपानीत म्हणाल्या, की हा माझ्याकडे येईल, पण मला घर शोधायला थोडे दिवस द्या. आमच्या बिल्डिंगमध्ये जनावर चालत नव्हतं. मोरि-साननी त्यांना वाकून नमस्कार केला, तो जरा जास्त वेळ टिकला.

ट्रेनमध्ये मी न राहवून विचारलं, की मालूताई, हाच कशाला? त्या डब्यातल्या जमिनीकडे बघत होत्या. म्हणाल्या, “पाटणकर, त्याला कुठं ठाऊक होतं ती अक्का होती म्हणून. भूक लागली, खाल्लं. त्याला तिथं कुणी सोडला? आपणच की. दुसरा कुणी त्याला नेणार नाही, आणि तो जोवर तिथं बसलाय तोवर पिंजरा अडलाय. मग काय, त्याच्यावर रुसून बसू?” मग खिडकीकडे तोंड करून त्या डोळे पुसत राहिल्या, आणि मी जाहिराती वाचत राहिलो.

स्टेशनला लागून असलेलं, गॅलरीतून समुद्राची हवा येणारं घर सोडून त्या इचिकावातल्या एका जुनाट दुमजली इमारतीत गेल्या. स्टेशनपासून सायकलनंच जायचं असं घर. आमच्या मंडळात चर्चा झाली, की बाईंचं डोकं फिरलंय. बोक्याचं नाव त्यांनी ठेवलं पाव्हणा. त्याच्याशी त्या अहोजाहो करायच्या. अहो पाव्हणं, जेवून घ्या. अहो पाव्हणं, कपाटाखालून बाहेर या, गार लागेल. पाव्हणे कित्येक महिने कपाटाखालून बाहेर आले नाहीत. ताटली तेवढी रिकामी व्हायची. मोठ्या आवाजानं ते बिचकतात म्हणून मालूताई घरातही कुजबुजायला लागल्या. ऑफिसात शांतता, जंगलात शांतता, आता घरातही शांतता. मग रविवारी सायकल मारत त्या आमच्याकडे यायच्या आणि साठलेलं सगळं मोठ्यानं बोलून जायच्या. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी नीलिमाला एकदा विचारलं, की दर रविवारी तुमच्याकडे भांडण कसलं होतं.

माझं पोस्टिंग संपलं. सामान जहाजानं गेलं, आणि निघायच्या आधी आम्ही तिघं इचिकावाला मालूताईंना भेटायला गेलो. घर नीटनेटकं. पाव्हणे कपाटाखाली नव्हते, खिडकीत बसले होते, आमच्याकडे पाठ करून. मालूताईंनी भेळ केली होती. बोलता बोलता उठल्या, ईराला जवळ ओढलं आणि आम्हा तिघांनाही वाकायला लावलं. मग जंगलातल्या त्या आवाजात सांगितलं, की त्या वेळी रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात ते दुसरं मांजर आलं, आणि यंदा अक्काच्या झाडाच्या मुळाशी घरटं आहे. हिरव्या कड्याचं, म्हणजे अक्काच्या लेकराचं. आत पिल्लू आहे.

ईरानं विचारलं, की मग काकू, हे एवढं हळू कशाला सांगतेस? तिनं ते मराठीत विचारलं, त्याचंच मला नवल वाटलं.

मालूताईंनी खिडकीकडे डोळ्यांनी खूण केली. “त्यांच्या कानावर नको जायला.”

निघताना आम्ही पायात बूट घातले. सवयीनं मी खिसे चाचपून बघितले. मालूताई हसल्या, आत गेल्या आणि एक छोटी बंद पिशवी घेऊन आल्या. माझी बडीशेप. एवढी वर्षं जपून ठेवली होती. “आता खावा. भारतात रुजली तर चालतीय,” म्हणाल्या. नीलिमा त्यांच्या गळ्यात पडली. मी नुसतं ‘येतो’ म्हणालो. त्या जिन्यापर्यंत आल्या नाहीत. दारातूनच आत वळल्या.

खाली पार्किंगमध्ये आलो तर समोरच्या कुंड्यांजवळ एक साधं, मातकट रंगाचं कबूतर जमिनीवर काहीतरी टिपत होतं. तिकडचं नेहमीचं, दुर्मीळ वगैरे काही नाही. ईरा थांबली, म्हणून आम्हीही थांबलो. मी वर बघितलं. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. पाव्हणे चौकटीत पुढे झुकलेले, शेपटीचं टोक हलत होतं, जबडा थरथरत होता. मालूताईंनी एका हातानं त्यांची मानगूट धरली होती, गाल त्यांच्या फाटक्या कानाशी टेकवला होता, आणि दोघंही खाली त्या कबुतराकडे बघत होते. आम्ही त्यांच्या लक्षातही नव्हतो.

गल्लीत शांतता होती, म्हणून त्यांचं कुजबुजणं आम्हाला ऐकू आलं.

“बघा, पाव्हणं. नुसतं बघायचं.”